माइक नसतानाचा गळा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात आम्ही जेनी लिंड या स्वीडिश गायिकेच्या जर्मनीतल्या लाइपझिगमधल्या मैफलीवर लेख छापला होता. ४ डिसेंबर १८४५ची ती मैफल. गेवांडहाउस सभागृह, संचालनाला फेलिक्स मेंडेल्सोन, आणि ऑपेराच्या रंगमंचावरून पाहुणी म्हणून आलेली पंचवीस वर्षांची बाई. लेख वाचून वडोदऱ्यातून बरीच पत्रे आली. पत्र लिहिणाऱ्यांत गाणारे, वाजवणारे, वाद्ये दुरुस्त करणारे आणि कार्यक्रम भरवणारे असल्यामुळे प्रश्न थेट कामाचे आहेत. उत्तरेही तशीच द्यायचा प्रयत्न केला आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

दांडिया बाजारातून गाणे शिकवणाऱ्या एक बाई: समोर एवढा वाद्यवृंद, माइक नाही, आणि तरी एका बाईचा आवाज शेवटच्या रांगेला ऐकू जातो. हे नुसत्या ताकदीवर होते का? लेख वाचून माझ्या दोन विद्यार्थिनी जोर लावून गायला लागल्या आहेत.

त्यांना आजच थांबवा. हे काम जोराचे नाही.

भजनात पखवाज घुमत असतो, वीस गळे एकदम चाललेले असतात, तरी एवढीशी टाळ सगळ्यांच्या वरून ऐकू येते. टाळेचा नाद बाकीच्यांच्या पट्टीत नसतोच, तो त्यांच्या डोक्यावरून जातो. वाद्यवृंदाचा सगळ्यात जास्त नाद साधारण ५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५०० कंपनांच्या, आसपास असतो आणि तिथून वर तो झपाट्याने विरळ होतो. आपला कान मात्र ३००० हर्ट्झच्या आसपास सर्वात तिखट असतो. ऑपेराचा मुरलेला गायक स्वरयंत्र खाली स्थिर ठेवतो, स्वरपट्ट्यांच्या लगेच वरची नळी अरुंद ठेवतो आणि तिच्या वरची घशाची पोकळी मोकळी सोडतो. त्यामुळे आवाजातले २८०० ते ३२०० हर्ट्झमधले अंश एकत्र येऊन झळाळतात. वाद्यवृंदात नेमकी तीच जागा रिकामी असते. स्टॉकहोमचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी १९७०च्या दशकात याची मोजमापे मांडली. गायकांना ते घशाने आधीपासूनच ठाऊक होते.

हे पुरुषांना आणि खालच्या पट्टीतल्या बायकांना जास्त लागू पडते. वरच्या टिपेला गाणाऱ्या बाईचा मूळ स्वरच वाद्यवृंदाच्या दाट भागाच्या वर गेलेला असतो. ती मुखाची पोकळी त्या स्वराशी जुळवून घेते आणि कमी श्वासात मोठा नाद मिळवते. यात आणखी एक भर: जुने गेवांडहाउस हे कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीत आतून लाकडाने घडवलेले जेमतेम पाचशे माणसांचे दालन होते. आजच्या दोन हजारांच्या सभागृहाचे चित्र डोळ्यांसमोर आणू नका.

विद्यार्थिनींना युरोपातला एक जुना पाठ द्या. एकच स्वर बारीक सुरू करायचा, हळूहळू भरायचा, आणि तितक्याच सावकाश पुन्हा बारीक करून सोडायचा. तानपुरा लावा. मध्य सप्तकातला मध्यम किंवा पंचम घ्या, आकार ठेवा. सेकंदाला एक मात्रा धरून चार मात्रांत चढवा, चार मात्रांत उतरवा. मग दोन श्वास पूर्ण विश्रांती. असे सहा वेळा, बस. आवाज भरताना स्वर चढेल, कारण स्वरपट्ट्यांखालचा श्वासाचा दाब वाढला की पट्ट्या ताणल्या जातात. बारीक करताना स्वर उतरेल आणि मध्येच फुटेल, कारण दाब एकदम सोडला जातो. दोन्ही दोष तानपुऱ्याशी लगेच कळतात. चार मात्रा स्वच्छ झाल्यावरच सहा करा, मग आठ. मानेच्या शिरा फुगल्या किंवा हनुवटी पुढे आली तर तो पाठ त्या दिवशी बंद.

रावपुऱ्यातून एक वाचक: भाषा येणाऱ्यांनाही ऑपेरातल्या बाईचे शब्द कळत नाहीत म्हणे. आपल्या नाट्यगीतात तर शब्द न् शब्द कळतो. मग हा त्यांच्या शिक्षणातला दोष म्हणायचा का?

दोष नाही, गणित आहे. स्वरवर्ण ओळखायला कानाला मुखाच्या पोकळीचा पहिला अनुनाद लागतो, म्हणजे ती पोकळी आपोआप घुमते तो सर्वात खालचा सूर. ‘ई’ आणि ‘ऊ’साठी तो ३०० हर्ट्झच्या आसपास असतो, ‘आ’साठी ८०० किंवा त्याहून वर. गायिका ७०० हर्ट्झचा स्वर लावून ‘ई’ म्हणू लागली, तर तिच्या आवाजात ७००, १४००, २१०० असेच अंश असतात. ३००च्या जवळ काहीच नसते. मग ‘ई’ कशातून दिसणार? ती जबडा उघडते, अनुनाद वर नेऊन मूळ स्वराशी मिळवते, आवाज मोकळा होतो आणि ‘ई’चा ‘आ’ होतो.

आता आपल्याकडचा हिशेब करा. पेटीच्या काळी चार या पट्टीत गाणाऱ्या बाईचा मध्य षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ, तार षड्ज ४१५, तार पंचम ६२२. बहुतेक गाणे शब्द टिकतील अशाच टापूत राहते. ऑपेरातला वरचा ‘सी’ म्हणजे १०४६ हर्ट्झ. काळी चारच्या षड्जावरून मोजला तर तो अतितार सप्तकातला शुद्ध गंधार होतो. तिथे कोणीही गायले तरी शब्द विरघळणारच. म्हणून जाणते रचनाकार महत्त्वाचा शब्द खालच्या टापूत ठेवत आणि वरच्या तानेला एखादा ‘आ’ देत.

मांडवीतून हार्मोनियम दुरुस्त करणारे एक कारागीर: या गायिका गावोगाव फिरत. तिकडे प्रत्येक शहराचा सूर वेगळा होता असे ऐकले आहे. मग गायचे कुठल्या पट्टीत? आणि तिथल्या पियानोचे काय?

आलेल्या पत्रांतला आम्हाला सर्वात आवडलेला प्रश्न हा. म्हणून उत्तर थोडे लांबेल.

आपल्याकडे गायक आपली पट्टी घेऊन येतो आणि तानपुरा त्याला मिळवतो. तिकडे वाद्यवृंदाचा सूर ठरलेला, गळ्याने त्याला मिळायचे. हा सूर पांढरी सहावरून, म्हणजे ‘ए’वरून सांगतात. एकोणिसावे शतकभर तो वर वर सरकत गेला, कारण वाद्ये जितकी चढी लावावीत तितकी झगझगीत वाजतात. लंडनच्या फिलहार्मोनिक मैफलींत शतकाच्या मध्याला तो ४५२ हर्ट्झच्या आसपास पोहोचला होता. फ्रान्समध्ये सरकारने समिती नेमली. तिच्यात रॉसिनी, बेर्लिओझ, मायरबेअर यांच्यासारखे रचनाकार होते. १८५९मध्ये कायद्याने ४३५ हा आकडा ठरला. फ्रेंच कागदांत तो ८७० असा दिसतो, कारण ते अर्धी कंपने मोजत. सोबत तापमानही लिहिलेले आहे, १५ अंश सेल्सिअस. १८८५च्या व्हिएन्ना परिषदेने तोच सूर उचलला, आणि लंडनची फिलहार्मोनिक संस्था १८९६मध्ये ४३९वर उतरली. आजचा ४४० हा १९३९चा.

४३५ आणि ४५२मधले अंतर म्हणजे एका अर्धस्वराचे दोन तृतीयांश. कागदावर किरकोळ वाटते. पण पॅरिसच्या सुरात जी बाई वरचा ‘सी’ आरामात लावते, तिला लंडनमध्ये तीच जागा जवळजवळ एक परदा चढवून गावी लागते, तीही रोज रात्री, आणि रचना तीच असल्यामुळे सुटका नाही. बरे, त्रास फक्त शिखराला नसतो. गळ्यात एक सांधा असतो, जिथे छातीचा आवाज सोडून वरचा घ्यायचा. सूर सरकला की तो सांधा ओळीतल्या भलत्याच अक्षरावर येतो आणि घोटून बसलेली जागा डळमळते. म्हणून पाहुणी गायिका गावात पोहोचली की आधी सूर तपासणे शहाणपणाचे. खिशात ट्यूनिंग फोर्क असला की पुरे.

सूर चढा निघाला तर अर्धा स्वर खाली गाता येते, पण तालमीत ऐन वेळी तसे सांगून चालत नाही. व्हायोलिनवाल्यांच्या मोकळ्या तारा वाया जातात आणि बोटे अवघड जागी पडतात. क्लॅरिनेटवाल्याला दुसऱ्या मापाचे वाद्य हातात घ्यावे लागते. त्या काळी झडपा नसलेले हॉर्न असत, त्यांना वेगळ्या लांबीची नळी जोडावी लागे आणि हवी ती नळी पेटीत नसली तर काम अडे. प्रत्येक वादकाचे पान वेगळे लिहिलेले असते, म्हणजे वीस-पंचवीस पाने रात्रीत पुन्हा उतरवायची. नक्कल करणाऱ्याची एक चूक झाली की दुसऱ्या दिवशी भर मैफलीत एक बासून (फुंकीचे वाद्य) अर्धा स्वर वर वाजतो. यावर उपाय एकच. फिरतीवरच्या गायिकेने नेहमीच्या रचनांची दोन्ही पट्ट्यांतली पाने ट्रंकेत बाळगायची.

आता पियानो. हा भाग तुमच्या धंद्याच्या जवळचा आहे. सभागृह गॅसच्या दिव्यांनी आणि माणसांनी तापते. हवेत ध्वनीचा वेग वाढला की फुंकीच्या वाद्यांचा सूर चढतो. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर तापमानाच्या दर अंश सेल्सिअसमागे साधारण तीन भाग. वादकाचा स्वतःचा श्वास गरमच असल्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी. पियानोच्या पोलादी तारा उष्णतेने किंचित सैल पडतात, म्हणजे तो उलट बाजूला जातो. पहिल्या भागात जुळलेले ओबो हे फुंकीचे वाद्य आणि पियानो दुसऱ्या भागात भांडतात ते यामुळे. पेटी आणि बासरी साथीला असलेल्या बैठकीत, मे महिन्यात, तुम्हीही हेच ऐकले असेल. पितळी सूर गरमीने जरासा उतरतो, बासरी चढते, आणि लोक पेटीवाल्याला बोल लावतात. तिकडच्या जाणकारांची रीत आपल्यालाही चालेल. वाद्य रिकाम्या गार दालनात लावू नका. दिवे लावून, दालन तापल्यावर, कार्यक्रमाच्या आधी तासभर लावा, आणि मध्यंतरात पुन्हा एकदा ‘ए’ ताडून पाहा.

कारेलीबागेतून एक श्रोता: संपूर्ण मैफलीत ती बाई फक्त चार-पाच गाणी म्हणते आणि लोक एवढे पैसे मोजतात? आपल्याकडे तीन तासांखाली कोणी उठत नाही.

त्या काळातली मैफल एकट्या गायकाची नसे. आधी वाद्यवृंदाची प्रस्तावना, मग गायिकेची ऑपेरातली एक मोठी रचना, मग व्हायोलिन किंवा पियानो, मग एखादे युगुलगीत, मध्यंतर, आणि पुन्हा तोच फेर. शेवटी बहुधा साधी लोकगीते. लिंडच्या कार्यक्रमांत बेल्लिनीच्या ‘नॉर्मा’मधली ‘कास्ता दीवा’ आणि स्कँडिनेव्हियन गाणी एकाच संध्याकाळी असत. डोंगरातल्या हाकेचे गाणे ती स्वतः पियानोवर साथ करून म्हणे. तोच स्वर दुसऱ्यांदा इतका बारीक लावायचा की समोरच्या कड्यावरून परत आल्यासारखा वाटावा. वर सांगितलेला भरून-बारीक करण्याचा पाठ इथे कामी येतो.

गायिकेचे प्रत्यक्ष गाणे अर्ध्या-पाऊण तासाचे, दोन गाण्यांमध्ये दहा ते वीस मिनिटांची विश्रांती. तेवढ्यात गळा विसावतो, श्वास जागेवर येतो. आपला ख्याल गायक आलापात गळा तापवतो आणि टप्प्याटप्प्याने वर जातो. तिकडच्या गायिकेला दार उघडून बाहेर येताच पहिल्या दोन मिनिटांत शिखर गाठायचे असते. मेहनतीचा आकार वेगळा आहे, मोल कमी नाही.

एकट्या कलाकाराच्या कार्यक्रमाला ‘रिसायटल’ म्हणण्याची चाल १८४०मध्ये लंडनच्या जाहिरातीत लिस्टच्या पियानोवादनासाठी दिसते. गायकांकडे ती नंतर आली. गायक यूलिउस श्टॉकहाउझेनने १८५६मध्ये व्हिएन्नात शूबर्टची ‘डी श्योने म्यूलरिन’ ही अख्खी गीतमाला जाहीरपणे गायली, तेव्हा ती एका दमात ऐकवणे हीच नवी गोष्ट होती.

प्रतापनगरहून एक तबलावादक: ठरलेली पाने वाचून वाजवणारे एवढे लोक, आणि गायिका मध्येच मनाने ताना घेते. मग सगळे बरोबर एका जागी कसे येतात?

गाण्याच्या शेवटाजवळ एका ठरलेल्या सुरावर वाद्यवृंद थांबतो आणि गायिका एकटी विस्तार करते. तो कितीही लांबो, शेवट एका लांब ट्रिलने होतो, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची जलद थरथर. ती ऐकली की संचालक काठी उचलतो, ट्रिल सुटते त्या क्षणी काठी खाली येते. मुखडा पकडून समेवर येण्यासारखेच आहे, फक्त ठेका मध्ये थांबलेला असतो. गडबड होते ती गायिकेचा श्वास संपून ट्रिल आखूड पडली की. काठी वर जायच्या आत ती मूळ स्वरावर उतरते आणि वादक अर्धी मात्रा मागे राहतात. म्हणून सकाळच्या तालमीत वेळ कमी असला तरी हा शेवट दोनदा करून घ्यायचा, बाकी गाणे अर्ध्या आवाजात.

वाडीतून एक नाट्यसंगीतप्रेमी: ‘वन्स मोअर’ आपल्याकडे तिथूनच आला का?

शब्द इंग्रजी, पण इंग्रज श्रोते ‘आँकोर’ असे फ्रेंच ओरडत. पॅरिसचे लोक लॅटिन ‘बिस’ म्हणत, जर्मन श्रोते इटालियन ‘दा कापो’. प्रत्येकाने परका शब्द उचलला, आपणही. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. पॅरिसच्या ऑपेरात टाळ्यांसाठी पैसे घेऊन बसवलेली माणसे असत आणि पुन्हा गायला लावण्यासाठी त्यांत वेगळे लोक नेमलेले असत. तेव्हा जुन्या वर्तमानपत्रात ‘तीनदा गायला लावले’ असे वाचले तर लगेच भारावून जाऊ नये.

महाविद्यालयातला एक विद्यार्थी: लाइपझिगला विद्यार्थ्यांना आत घेतले नाही, असे लेखात ओझरते होते. नेमके काय झाले?

तिथल्या संगीत विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना गेवांडहाउसच्या मैफली फुकट ऐकायला मिळत. लिंडच्या वेळी दर वाढवले आणि ही सवलत त्या रात्रीपुरती काढून घेतली. विद्यार्थी चिडले, सभा घेतली आणि आपली बाजू मांडायला ओटो गोल्डश्मिट नावाचा सोळा वर्षांचा मुलगा निवडला. पुढे हाच मुलगा तिचा साथीदार झाला आणि १८५२मध्ये पती. तक्रार रास्त होती असे आमचे मत आहे. शिकणाऱ्यांना अशा रात्री बाहेर ठेवणे हा विद्यालयाचाच तोटा.

गाणे शिकणारी एक मुलगी, मकरपुरा: लिंडचा आवाज एकदा गेला होता म्हणे. परत कसा आला?

१८४१मध्ये ती पॅरिसला मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाकडे गेली तेव्हा वीस वर्षांची होती. लहानपणापासून रंगमंचावर गाऊन, तेही चुकीच्या पद्धतीने, आवाज घोगरा झाला होता. गार्सियाने शिकवायला नकार दिला आणि सहा आठवडे गळ्याला पूर्ण विश्रांती द्यायला सांगितले, गाणे नाही आणि बोलणेही शक्य तितके बंद. त्यानंतर पुन्हा सरगमीपासून सुरुवात, वर आणि खाली, अत्यंत सावकाश, मग ट्रिल तीही संथ. असे सुमारे दहा महिने. औषध नव्हते, चमत्कार नव्हता.

याच गार्सियाने १८५४मध्ये जिवंत माणसाच्या स्वरपट्ट्या पहिल्यांदा नीट पाहिल्या, स्वतःच्याच. दातांच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा छोटा आरसा त्याने सहा फ्रँकला घेतला, वाफ धरू नये म्हणून कोमट पाण्यात बुडवून पुसला, पडजिभेला टेकवला, आणि दुसऱ्या हातातल्या आरशाने सूर्याचा कवडसा त्यावर टाकला. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. तो १०१ वर्षे जगला.

तुझ्यासाठी कामाची गोष्ट: घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही, तर काढे बदलत बसू नकोस. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून पट्ट्या पाहून घे. आज त्याला पाच मिनिटे लागतात. आणि विश्रांती म्हणजे कुजबुजणेही नाही, त्यानेसुद्धा गळा ताणला जातो.

अलकापुरीतून एका छोट्या मंडळाचे कार्यवाह: आम्हाला माइकशिवाय एक बैठक करायची आहे. दालन साधारण २० मीटर लांब, १० रुंद, ८ उंच. श्रोते दोनशे. जमेल का?

जमेल, दालन चांगले आहे. लक्ष्मीविलासच्या दरबार हॉलसारख्या मोझेक फरशीच्या आणि काचांच्या भव्य जागेपेक्षा तुमचे माप गळ्याला जास्त मानवेल.

आधी हिशेब. घनफळ १६०० घनमीटर. त्याला ०.१६१ने गुणा, २५८ येतात. याला दालनात एकूण किती आवाज शोषला जातो त्या आकड्याने भागले की आवाज विरायला लागणारे सेकंद मिळतात. हे सूत्र अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांचे, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटचे. कठीण भिंती आणि फरशी असलेल्या रिकाम्या दालनाचे शोषण ८० चौरस मीटर धरले, तर नाद तीन सेकंदांहून अधिक रेंगाळेल, तान तानेवर चढेल. एक बसलेला माणूस साधारण अर्ध्या चौरस मीटरच्या उघड्या खिडकीइतका आवाज खातो. दोनशे माणसे म्हणजे आणखी ९०च्या आसपास. मग वेळ दीड सेकंदावर येतो, गळ्यासाठी उत्तम. म्हणजेच दुपारी रिकाम्या दालनात तालीम घेऊन ‘फार घुमते’ म्हणत पडदे लावू नका. रात्री माणसे आली की दालन कोरडे ठक्क होईल आणि गायक ओरडू लागेल.

गायकाला अरुंद भिंतीजवळ बसवा, मागे दीड-दोन मीटरवर कठीण लाकडी पार्टिशन ठेवा, मखमली पडदा नको. गालिचा श्रोत्यांखाली, गायकासमोरची दोन-तीन मीटर फरशी उघडी. मध्ये उभे राहून एक टाळी वाजवा. मागोमाग ‘टर्रर्र’ ऐकू आले तर समोरासमोरच्या भिंती आवाजाचा झेलाझेलीचा खेळ करत आहेत. एकाच बाजूच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, मधे मधे अंतर सोडून चार सतरंज्या टांगा. तबला गायकाच्या रेषेत न ठेवता हातभर मागे. आणि सगळ्यात महत्त्वाचे, पंखे बंद. त्यांची घरघर आवाजाचे सगळे बारीक काम गिळते. पंखे बंद ठेवायचे म्हणजे तारीख डिसेंबर ते फेब्रुवारीतली घ्या. संध्याकाळी सातला रस्त्याचा आवाज खिडक्या लावूनही येत असेल, तर सकाळची बैठक करा.

नवरात्रात मैदान सांभाळणारे एक स्वयंसेवक: त्या काळी एवढी झुंबड उडे, तर अपघात होत नसत?

होत, आणि भयंकर होत. २३ सप्टेंबर १८८५ला क्रिस्टिना निल्सन ही जगप्रसिद्ध गायिका स्टॉकहोमला आली असताना ग्रँड हॉटेलच्या बाल्कनीतून लोकांसाठी गायली. खाली हजारोंचा, काहींच्या मते पन्नास हजारांचा, समुदाय होता. गाणे संपून लोक परतू लागले तेव्हा चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक माणसे मेली. चार वर्षे आधी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरला ऑपेराच्या वेळी आग लागली, अधिकृत आकडा ३८४. गॅस बंद केल्याने अंधार झाला आणि आत उघडणारी दारे गर्दीनेच दाबून बंद झाली.

तुमच्या कामाचे असे: धोका गाण्याच्या वेळी कमी, संपल्यावर जास्त, कारण तेव्हा सगळे एकाच दिशेने एकदम वळतात. चौरस मीटरमध्ये चारपर्यंत माणसे असली तर प्रत्येकाला आपले पाऊल आपण टाकता येते. पाचच्या पुढे जपायचे. सहा-सातला गर्दी पाण्यासारखी हेलकावते आणि माणसे उभ्या उभ्या गुदमरतात, पायाखाली येऊन नव्हे, छाती फुलवायला जागा न उरल्यामुळे. सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ऐंशी माणसे बाहेर पडतात. दोन हजारांचे मैदान आठ मिनिटांत रिकामे करायचे तर तीन मीटरहून थोडी जास्त मोकळी वाट हवी, आणि ती एका फाटकात नको, किमान दोन दिशांना. स्टॉल आणि दुचाक्या नेमक्या तिथेच लागतात, त्या आधी हटवा. शेवटचे गाणे जाहीर करू नका. ते संपल्यावरही दहा-पंधरा मिनिटे हलके वादन चालू ठेवा, म्हणजे लोक थोडे थोडे निघतात.

फतेहगंजमधून एक विद्यार्थिनी: तो जुना ४३५चा सूर मला घरी ऐकता येईल का?

येईल, तानपुऱ्यावरच. फोनवरच्या ट्यूनरमध्ये ‘ए’चा आकडा बदलता येतो. आधी तो ४४०वर ठेवून जोडीची एक तार काळी चारला लाव, म्हणजे सुमारे २०७.७ हर्ट्झ. मग आकडा ४३५ कर आणि जोडीची दुसरी तार त्याच काळी चारला लाव, ती २०५.३वर येईल. आधी खुंटीने, शेवटचा अंश मण्याने. तारा बसायला दहा मिनिटे दे आणि पुन्हा तपास, नव्या तारा हमखास उतरतात. जवारीचे दोरे काढून ठेव, नाहीतर वरच्या स्वरांशांचा गोंधळ होऊन मूळ फरक कळत नाही. आता दोन्ही तारा एकदम छेड. नाद सेकंदाला दोनाहून थोडा जास्त वेळा लाटेसारखा वर-खाली होईल. ते आजच्या आणि १८५९च्या पॅरिसच्या सुरातले अंतर. मग दुसरी तार ४३५वरच राहू दे, आणि ट्यूनर ४५२ करून पहिली तार तिथे चढव. लाटा सेकंदाला आठ होतील, मोजता येणार नाहीत, नुसती खरखर ऐकू येईल. पॅरिसहून लंडनला गेलेल्या गायिकेच्या कानावर पहिल्या तालमीत पडत असे ते एवढे अंतर.